फाटक्या पुस्तकांची यादी

मावशी शाळेत लागल्या तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पिण्याचं पाणी भरायचं, एवढंच काम. पुस्तकांचं कपाट त्यांच्या गळ्यात पडलं ते दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून. स्वतः त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, तेही रडतखडत. पण सव्वीस वर्षं मधल्या सुट्टीत पुस्तकं देता-घेता त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. पोरांना आवडलेलं पुस्तक लपत नाही. त्याचे कोपरे दुमडतात, शिवण उसवते, एखाद्या चित्रावर बोटांचे तेलकट ठसे उमटतात. शाळा सुटल्यावर मावशी असल्या पुस्तकांना खळ लावायच्या आणि देवाचं नाव घेऊन कपाट बंद करायच्या.

यंदा दोन कामं एकदम आली. नवी पुस्तकं येणार म्हणून फाटकी रद्दीत काढायची होती, आणि पहिली ते चौथीच्या मुलांनी काय वाचावं, याची वीस नावांची यादी भिंतीवर लावायची होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नुकत्याच बदलून आलेल्या. शिस्तीच्या, पण मनाने वाईट नव्हेत.

"मावशी, फाटकी या पोत्यात भरा. धड उरतील त्यातली वीस नावं मी उतरवून घेते. एका दगडात दोन पक्षी."

मावशी खाली बसून भरू लागल्या. पोतं भरत आलं तसा त्यांचा हात जड झाला. कपाटात उरलेली पुस्तकं कोरी करकरीत होती. काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. यांचीच नावं भिंतीवर लागली तर पोरं कपाटाकडे फिरकायची नाहीत, आणि ज्यांच्यासाठी ती धावत यायची, ती पुस्तकं उद्या सकाळी रद्दीवाल्याच्या गाडीत असणार.

आजवर त्या कुणाला उलटून बोलल्या नव्हत्या.

"बाई, एक बोलू? रागावू नका."

"बोला की."

"ही फाटलीत ती वाचून वाचून. आणि ती धड आहेत, कारण त्यांना कुणी विचारत नाही. राबणारी सून घराबाहेर काढायची आणि शोभेची बाहुली मिरवायची, तसं चाललंय आपलं."

दारातून जाणारे चौथीचे गुरुजी थबकले. "वा मावशी! आता परीक्षाही तुम्हीच घ्या."

"घेतली असती गुरुजी, पण तुम्ही नापास झालात तर शाळेची अब्रू जाईल."

गुरुजी हसत निघून गेले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोत्यातलं वरचंच पुस्तक उचललं. एका नावाड्याच्या कुत्र्याची गोष्ट होती.

"अहो, याला तर शेवटचं पानच नाही. असलं पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं?"

मावशींनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "पान आहे, बाई. माझ्याकडे आहे."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दुसरीतली एक मुलगी ते पान फाडून घेऊन आली होती. तिचे वडील त्याच महिन्यात गेले होते. गोष्टीतला नावाडी धुक्यात जातो, कुत्रा काठावर वाट बघत बसतो, आणि तो परत येत नाही हे शेवटच्या पानावर कळतं. "मला मारा," ती म्हणाली होती, "पण हे दुसऱ्या कुणी वाचायचं नाही."

"मी कशाला मारतेय? घडी करून ठेवलं. तेव्हापासून जे पोर येऊन विचारतं, मावशी, पुढे काय झालं, त्याला जवळ बसवून पान देते आणि वाचून झालं की परत घेते. काही पोरं विचारतच नाहीत. त्यांना नाही देत. त्यांची वेळ झाली नसेल, देव जाणे."

"आणि ती मुलगी?"

"दीड वर्ष लागलं तिला. मग एके दिवशी आपणहून आली. म्हणाली, आता दाखवा."

मोठ्या बाईंनी उभ्या उभ्याच पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. लहानसंच होतं. वाचून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला.

"द्या."

मावशींनी डब्याच्या पिशवीतली जुनी वही काढली आणि त्यात जपलेलं पान त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते एकदा वाचलं. मग खिडकीकडे तोंड करून पुन्हा वाचलं. कुणाची आठवण आली, ते मावशींनी विचारलं नाही.

"पोतं रिकामं करा," पान परत देत बाई म्हणाल्या. "सगळी नाही ठेवता यायची. ज्यांची निम्मी पानं गेलीत ती जाणारच. बाकीची चिकटवू, मीही बसते. आणि यादी तुम्ही सांगा."

मावशी एकेक पुस्तक हातात घेऊन नाव सांगत गेल्या, बाई लिहीत गेल्या. कुत्र्याच्या गोष्टीपाशी मावशी अडखळल्या.

"याच्यापुढे लिहा, शेवटचं पान नाही."

"असं कसं लिहायचं यादीत?"

"मग लिहा, शेवटचं पान मावशींकडे मागावं."

बाईंनी तसंच लिहिलं.