स्वखुशीचा अर्ज

"'शहद' बोलो."

मी म्हटलं, "सहद."

"फिर से."

"सहद."

सगळे हासले. मी उभीच.

परवाची गोष्ट. वर्ग सुरू व्हायच्या आधी कागद तपासाले कॉलेजनं सगळ्याइले बोलावलं होतं. वाचा-भाषा उपचाराची पदवी. ज्याइची वाचा गेली, ज्याइले बोलता येत नाही, त्याइले बोलतं करायचं शिक्षण. पोरंपोरी, त्याइचे मायबाप. माझ्यासंगं आई. ठेवणीतली साडी नेसून आलेली.

टेबलामागच्या मॅडमनं प्रत्येकाले एक शब्द बोलाले लावला. मले सात वेळा लावला.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "काहून हासून राहिले वं हे?"

मॅडमनं ऐकलं. "ये कौन सी भाषा है? घर में यही चलता है? सरनेम क्या है?"

मी सांगितलं.

"अच्छा. तो वो वाली सीट."

कोणती वाली, ते तिनं सांगितलं नाही. तिथं कोणाले विचाराही लागलं नाही.

मंग आवाज गोड केला. "बेटा, पहले अपनी ज़बान का इलाज कराओ. मरीज़ तुमसे क्या सीखेगा?" अन् एक कोरा कागद पुढं सरकवला. "लिख दो, अपनी मर्ज़ी से सीट छोड़ रही हूँ. तुम्हारे भले के लिए बोल रही हूँ."

माझं नाव सरकारी निवड यादीतून आलं होतं. तिले ते खोडता येत नव्हतं. म्हणून माझ्याच हातानं खोडून घ्यायचं होतं.

अन् मी पेन घेतलं. हे सांगताना तोंड कडू होते. मी लिहिलं, "मैं स्वेच्छा से".

तिथंच हात थांबला. बाबा आठवला.

बाबा सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीवर होता. आमचं हे हिंदीवालं शहर नव्या राज्याची राजधानी झालं तवा म्हणे, आता पोट्टीले शिकाले बाहेर धाडा नाही लागत. मंग त्याले लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजे सगळं. शब्द निघत नव्हता. एकदा पाणी मांगता आलं नाही तं त्यानं डाव्या हातानं आईले मारलं. मंग तिच्याच पदरात तोंड खुपसून रडला. गुढ़ियारीतल्या आमच्या खोलीत तवापासून कोणी मोठ्यानं बोलत नाही.

दवाखान्यात एक दीदी त्याले बोलतं कराले चित्रं दाखवे. किती हप्ते काहीच नाही. मंग एका दिवशी तिनं डोळ्याचं चित्र धरलं. बाबा म्हणाला, "डोया."

साफ म्हणाला. आमच्याकडं डोळ्याले डोयाच म्हणतात.

"नहीं. आँख. बोलिए, आँख." तिनं वहीत फुली मारली.

बाबानं तिच्याकडं पाहिलं. पुन्हा म्हणाला, "डोया." पुन्हा फुली.

तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं नाही.

मी बाजूले उभी होती. एवढंच सांगायचं होतं, दीदी, बरोबर आहे, आमच्या भाषेत बरोबर आहे. नाही सांगितलं. मले आमच्या बोलीची लाज वाटली. पुढच्या हप्त्यात बाबा दवाखान्याच्या गेटवरच बसला, आत आलाच नाही. तवापासून एक शब्द नाही. आता तं कण्हतही नाही.

म्हणून मी हा फॉर्म भरला होता. दुसरं काही कारण नव्हतं.

"लिहून दे बाई," आई म्हणाली. "चाल घरी."

मी पेन ठेवलं.

"नहीं लिखूँगी."

मॅडमनं वर पाहिलं. "क्या?"

"सीट नहीं छोड़ूँगी. मुझे श नहीं आता. सिखाना आपका काम है. कागज़ देखिए."

आता कोणी हासलं नाही. मॅडमचे कान लाल झाले. तिनं एकेक कागद उलटापालटा करून पाहिला. खोट काही निघाली नाही. ठप्पा मारता मारता म्हणाली, "देखते हैं, कितने दिन टिकती हो."

बाहेर आई रडली. "ते लोक तुले पास करणार नाहीत. तिच्याच हाती आहेस तू आता." आई खोटं बोलून नाही राहिली. मलेही तेच भेव आहे. घरी बाबाले सगळं सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

सोमवारी वर्ग सुरू होतात. श शिकीन, महिना लागो का साल लागो. नापास केलं तं पुन्हा बसीन. माझ्या हातानं सीट सोडणार नाही. अन् कोण्या माणसाच्या तोंडचा शब्द, मले समजला नाही म्हणून, मी चूक ठरवणार नाही. माझ्यासमोर दुसऱ्या कोणी ठरवला, तं त्याले तिथल्या तिथं अडवीन. मोठ्यानं. माझ्याच बोलीत.