कामाला नावं ठेवा, माणसाला नको

ताईचं शिवणकामाचं दुकान म्हणजे एक खोली. काचेचं दार, दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, आणि कापडांच्या ढिगात कसाबसा बसवलेला संगणक. शिवणाऱ्या बाईच्या दुकानात संगणक कशाला, असं गिऱ्हाईक विचारतंच. तर तो आणला तिच्या धाकट्या भावाने. बहीण दिवसभर वाकून कागदावर आखणी करते आणि संध्याकाळी कमरेला हात लावून उठते, हे त्याला बघवेना. म्हणून त्याने एक प्रोग्राम लिहिला. मापं घाला, कापायची आखणी तयार!

आणि या दिलदार माणसाने तो सगळ्यांना खुला करून टाकला. वापरा, बदला, सुधारा, कुणाची परवानगी नको. बघता बघता जगभरचे शिवणारे, प्रोग्राम लिहिणारे, आणि काही नुसतेच हुशार, असा सगळा गोतावळा इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या पानावर जमला. चार माणसं जमली की भांड्याला भांडं लागणारच. म्हणून तिघांची समिती नेमली: एक निवृत्त शिक्षक, सुट्टीत शिवणारी एक नर्स, आणि आपली ताई. नियम एकच, तोही ताईने सुचवलेला. कामाला हवी तेवढी नावं ठेवा, माणसाला ठेवायची नाहीत. मोडला तर महिनाभर बंदी.

आता गंमत ऐका. गोतावळ्यात एक हिशेबनीस नव्याने आला. भला माणूस, प्रोग्राम नीटनेटका करायची हौस दांडगी, पण जन्मात सुई धरलेली नाही. प्रोग्राम वाचता वाचता त्याला एका ओळीत ‘माया’ दिसली, पुढे एक आकडा. शिवणारे ज्याला माया म्हणतात ते शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, अंग भरलं तर उसवून सैल करायला. याला काय ठाऊक! त्याला वाटलं, कुण्या प्रेमवीराने मैत्रिणीचं नाव आत लपवलंय. त्याने ती ओळ उडवली आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, ‘कुणाची तरी माया आत राहून गेली होती. काढून टाकली आहे.’

झालं! पुढच्या आवृत्तीत कुठल्याच कपड्याला माया उरली नाही. लांबच्या एका शिंपीणबाईंनी त्यावरून भारीतला लोकरी कोट कापला. शिवून झाला तर बटणं लागेनात, आणि उसवावं तर आत चिंधीसुद्धा नाही. त्या पानावर येऊन अक्षरशः रडल्या.

धाकट्याचं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर त्याने हिशेबनिसाला अक्कलशून्य म्हटलं, गाढव म्हटलं, आणि एवढ्यावर न थांबता त्याच्या आईने त्याला काय शिकवलं तेही काढलं. हिशेबनिसाने एकच ओळ लिहिली, ‘माफ करा, मी पुन्हा इकडे येणार नाही.’

प्रकरण समितीपुढे आलं. शिक्षक म्हणाले, बंदी. नर्स म्हणाली, उभा डोलारा त्याने रचलाय, समज देऊन सोडा. ताई म्हणाली, “माझा सख्खा भाऊ आहे, मला यातून वगळा.” पण भावानेच ठणकावून सांगितलं होतं, ताई ठरवेल ते मान्य. ताई आपल्याच बाजूची, हे त्याने गृहीत धरलं होतं. ताई सकाळभर मशीनवर बसली आणि एकाच बाहीला दोनदा उलटी शिलाई मारली. मग तिने मत दिलं. बंदी.

पानावर वाचून त्याला कळायला नको, म्हणून दुपारी दुकान बंद करून ती त्याच्या घरी गेली.

“काय ठरलं?” त्याने दारातच विचारलं.

“महिनाभर बंदी.”

“शेवटचं मत कुणाचं?”

“माझं.”

तो आत वळून खुर्चीत बसला. “परक्यांनी केलं असतं तर सोसलं असतं, ताई. तुझी कंबर दुखायची म्हणून सुरू केलं होतं मी हे सगळं.”

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मला ठाऊक नाही का रे? पण तू त्याच्या आईपर्यंत गेलास. मला फाईल म्हणजे काय ते कळत नव्हतं, दहादा विचारायचे, तेव्हा हसला होतास का तू मला?”

“त्याने केवढा घोळ घातला!”

“घातला. आणि तपासून, ठीक आहे म्हणून, पुढे कुणी पाठवला?”

“मीच,” तो पुटपुटला. “न वाचता.”

मग त्याची मान पुन्हा ताठ झाली. “मी वेगळी चूल मांडणार. प्रोग्रामची नक्कल घ्यायची, नवं नाव द्यायचं, नवं पान उघडायचं. मला कोण अडवतंय?”

“कुणीच नाही. खुला आहे तो. मांड.”

त्याने संगणकावर खटाखट बटणं दाबली आणि “मांडलीसुद्धा,” म्हणत स्क्रीन तिच्याकडे वळवला.

ताईने चष्मा लावून वाचलं. प्रोग्राम तोच, नाव नवं, माणूस एकही नाही. नाही कसं, समितीच्या रकान्यात एक नाव होतं. तिचं.

“अरे, हे काय?”

“मग कुणाचं घालू?” तो चिडूनच म्हणाला. “मला आवरणारं कुणीतरी लागतंच ना!”

ताई आधी बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. “अरे येड्या, मग इथेही मी तुला महिनाभर बंदीच घातली असती!”

त्याने ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू फुटलंच. हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले.

“बंदी पानावर आहे ना?” जरा वेळाने त्याने विचारलं. “फोनवर नाही?”

ताईने समितीकडे नोंदवलेला हिशेबनिसाचा नंबर लावला आणि फोन भावाच्या हातात दिला.