तात्याबांच्या दोन मिनिटांच्या शेवया

अंथुर्ण्याचे तात्याबा देवाधर्माला कडक आणि थंडीला कच्चे. आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा, लसूण, वांगं ते तोंडात घालत नसत. याच जोरावर भावकीत खंडोबाची भंडाऱ्या-खोबऱ्याची तळी उचलताना तिला पहिला हात लावायचा मान त्यांचा. नेम मोडणाऱ्यानं तळीला शिवायचं नाही, हा कायदाही त्यांचाच. गेल्या वर्षी एका कांदाभजीपायी त्यांनी चुलतभाऊ म्हस्कूला सगळ्यांदेखत मागं सारलं होतं.

विज्ञानाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. सून राजलक्ष्मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायची. ती काही सांगू लागली की हे म्हणत, "तुज्या नळ्या कारखान्यात ठेव. हितं देवाचं चालतं."

यंदा थंडी मात्र अशी मेली कडाक्याची, की उसाला पाणी देऊन आले की तात्याबांचे दात कडाकडा वाजायचे. बायको बनाबाई लेकीच्या बाळंतपणाला बावड्याला गेलेली, सून सकाळच्या पाळीला. मग दुकानातल्या दोन मिनिटांच्या पाकिटाशी त्यांची गट्टी जमली. त्यांच्या लेखी त्या शेवयाच, आणि शेवया म्हणजे सात्त्विक. मसाल्याची पुडी ते बोटानं निपटून चाटत आणि अंगात ऊब आली की खंडोबाचे आभार मानत.

चंपाषष्ठीच्या सकाळी नैवेद्याचं वांग्याचं भरीत तयार झालं आणि अंगणात भावकी जमू लागली. घरात सणाची सुटी घेतलेली राजलक्ष्मी शेगडीमागची रिकामी पाकिटं गोळा करत होती.

"तात्या, यंदा नेम सोडलात का? यात कांद्याची पूड आहे. लसणाची पण."

तात्याबांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. चारचौघांत म्हस्कू आता कशी सालटी काढणार, हेच त्यांना दिसू लागलं.

"पोरी, तू शिकलेली हायेस. वाळवून दळल्यावर कांद्यात कांदा ऱ्हातो व्हय? विज्ञान काय म्हणतंय?"

"विज्ञान त्याला कांदाच म्हणतं."

"आगं, पर जीव गेला आसंल की त्याचा!"

"मग तुम्ही मेलेला कांदा खाल्लात."

जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांना विज्ञानाची एवढी ओढ लागलेली बघून राजलक्ष्मीला हसू आवरेना. तात्याबांना मात्र रडू यायचं बाकी होतं.

बाहेरून हाका आल्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? तात्याबा अंगणात गेले, तळीसमोर वाकले, पण भंडारा दिसला आणि हात काही पुढं होईना.

"माजा नेम मोडलाय," ते कसंबसं बोलले. "पाकिटातल्या शेवया खाल्ल्या. कांदा व्हता त्यात."

सगळ्यांनी म्हस्कूकडं पाहिलं. म्हस्कू जमिनीकडं बघत होता.

"दोन मिन्टाच्या?" त्यानं हळूच विचारलं. "त्यात आसतोय व्हय? मग आमी बी खाल्लाय."

भावकीतल्या दादासोनं पाकिटातलं सूप कबूल केलं. हां हां म्हणता अख्खी भावकी एकेक पाऊल मागं सरकली आणि तळी मध्ये एकटीच राहिली.

"मी नाही खाल्ला," दारातून राजलक्ष्मी म्हणाली. "पण नेम म्हणून नाही हं. मला कांद्यानं पित्त होतं आणि वांग्यानं खाज सुटते."

बाईनं तळीला पहिला हात लावल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. तात्याबांनी एकवार देवाकडं पाहिलं, एकवार सुनेकडं.

"देव कारण इचारत न्हाय. ये, धर."

"तात्या, मी आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास..."

"इस्वासाचं मागनं बघू," तात्याबा काकुळतीला आले. "आदी येळकोट म्हण. भरीत गार हुतंय."