उस्तादांचा दहा नंबरचा पाना

पुण्याहून आणलेली सायकल आर्णीच्या स्टँडवर एसटीच्या टपावरून उतरवली, तेव्हा माझी छाती चांगलीच फुगली होती. तिच्या मागच्या चाकात मी स्वतः मोटर बसवली होती. फुलसावंगीच्या माझ्या ताईला गुडघ्यांमुळे शेतापर्यंत चालवत नाही. तिच्यासाठी हा खटाटोप. म्हटलं, शेवटचा टप्पा चालवतच जाऊ.

गावाबाहेर दुतर्फा कपाशी फुटली होती. एवढं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच चढावर मोटरला जोर दिला आणि कड्कन आवाज झाला. एक्सल, म्हणजे चाकाचा स्थिर राहायला हवा तो आसच, जागच्या जागी फिरला होता, तारा पिळवटल्या होत्या, चाक खाचेतून निम्मं बाहेर. ताई यावर असती तर?

ढकलत परत आलो. बोअरच्या मोटरी दुरुस्त करणारे युसूफचाचा दुकानात चहा पीत होते.

"नट तर जीव खाऊन आवळला होता," मी म्हणालो.

"नट दाबते भाऊ, अडवत नाही. बोरातली मोटर चालू होतानी कशी झटका मारते! चाक पुढं पळते, एक्सल मांगं फिराले पाह्यते. त्याले धराले हात पाह्यजे."

आणि चाकातली मोटर हा माणूस आज पहिल्यांदाच पाहत होता! मी थक्क झालो. चाक खाचेत परत बसवून एक्सलच्या चपट्या बाजूंवर त्यांनी एकेक पाना लावून पाहिला. सगळे थोडे ढिले. मग पेटीच्या तळातून एक काळपट, दहा नंबरचा पाना काढला. तो असा बसला की मध्ये कागद शिरला नसता. त्याचा दांडा त्यांनी सायकलच्या नळीला दोन पट्ट्यांनी करकचून बांधला, तारा सोडवल्या.

"माह्या उस्तादचा हाय, त्याहीनंच मले हे काम शिकवलं. चढावर पाहून या."

त्याच चढावर तीनदा गेलो. एक्सल तसूभर हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई सायकलवर पुढे आणि मी मागे धापा टाकत, अशी वरात तिच्या शेतात पोचली. ती उतरली आणि उभीच राहिली. "तीन वर्सांनी माही पऱ्हाटी (कपाशी) पाहून राह्यली रे," म्हणत तिनं डोळे पुसले.

परतताना नवा पाना घेऊन चाचांकडे गेलो. "तोवर हा ठेवा. तो तुमच्या उस्तादांची आठवण आहे. सायकलला दुसरा आधार करून तुमचा पाना पाठवून देतो."

"कायले (कशाला)? ताई शेतात पोचली काय?"

"पोचली."

"मंग राहू द्या. उस्ताद गेले तवापासून पेटीतच पडून होता."

नवा पाना तसाच घेऊन मी पुण्याला आलो. नट आवळायला मी एकटा पुरेसा होतो; ताईला शेतात पोचवायला, मी कधीच न पाहिलेल्या एका उस्तादांचा हात लागला.