पोटात चॉकलेटं असलेला बैल

आमच्या शाळेत दरवर्षी जगाची ओळख करून देणारा एक कार्यक्रम होतो. प्रत्येक वर्गाला एक देश मिळतो आणि त्या देशाची एखादी वस्तू मुलांनी आपल्या हातांनी करून दाखवायची असते. करायची मुलांनी आणि निस्तरायची चित्रकलेच्या शिक्षिकेने, म्हणजे मी. त्या वर्षी तिसरीने जपानचे कागदी मासे केले आणि चौथीने आफ्रिकेचे मुखवटे. आफ्रिका हा देश नाही, हे मी आमच्या मुख्याध्यापिकांना सांगून पाहिलं होतं. पाचवीला मेक्सिको आला.

मेक्सिकोत पिन्याटा करतात. कागदाचा पोकळ प्राणी, त्याच्या पोटात खाऊ. तो उंच टांगायचा आणि काठीने फोडायचा. दहीहंडी पाहिलेल्या मुलांना फोडाफोडी समजावून सांगावी लागली नाही. प्राणी कोणता करायचा, ते मात्र मी वर्गावर सोडलं आणि तिथेच माती खाल्ली. पोळा तोंडावर आलेला. अशा वेळी नागपूरच्या मुलांना प्राणी विचारला तर ती काय जिराफ सांगणार होती?

बैल छान झाला, हे कबूल करायला हवं. मोठा फुगा फुगवून त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. पायांना कापडाच्या ताग्यांमधल्या पुठ्ठ्याच्या नळ्या लावल्या. त्या मी गांधीबागेतल्या दुकानांतून मागून आणल्या होत्या. चॉकलेटं भरण्यासाठी पोटाखाली एक झाकण ठेवलं. बैलाचं तोंड एका मुलीने केलं. तिचे वडील शहराच्या कडेला असलेल्या वाडीच्या गोदामांतून माल नेणारा ट्रक चालवायचे आणि ते सगळे तिथेच एका भाड्याच्या खोलीत राहायचे. मुलगी कमी बोलायची. बैलाचे डोळे रंगवताना तिने आपणहून सांगितलं, की त्यांचा लाकडी बैल गावी काकांकडे असतो आणि इथे तान्ह्या पोळ्याला ती शेजारच्या मुलांच्या बैलामागून नुसती फिरते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची मुलं सजवलेले लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे खाऊ, नाहीतर थोडे पैसे. ज्याच्या हातात दोरी, त्याला तो हमखास मिळतो. मागून फिरणाऱ्याला मिळाला तर मिळाला.

पोळ्याची सुटी लागली तेव्हा बैल ओलाच होता. वर्गात ठेवला असता तर बुरशी आली असती.

"मी घरी नेते मॅडम, आमच्याकडे पत्र्याखाली लवकर वाळते," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

सुटीनंतर बैल परत आला तो थाटात. कपाळाला कुंकू, शिंगांना बेगड, गळ्यात मण्यांची माळ आणि पाठीवर जुन्या ओढणीची झूल. मला अजून रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लावायच्या होत्या आणि इथे पाठभर हळदीची बोटं उमटलेली. माझा पारा चढला.

"तू याला पोळ्यात फिरवलंस?"

"हो मॅडम. आईनं ओवाळलं बी."

"उद्या कार्यक्रमाचे पाहुणे याला काठीने फोडणार आहेत. माहीत आहे ना?"

तिने बैलाच्या मानेवरचा हात काढला नाही. "पूजा झालेल्या बैलाले कोणी मारते का मॅडम?"

मी हटून बसले. म्हटलं, आपण मारबत नाही का जाळत? तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी आमच्या शहरात मारबतीचे प्रचंड पुतळे वाजतगाजत नेतात आणि घरातली इडापिडा त्यांच्याबरोबर जाळून टाकतात. पुतळे करायचे आणि नष्ट करायचे, हे काही आपल्याला नवीन नाही.

"मारबतीत रोगराई राहते मॅडम," ती म्हणाली. "याच्यात त आपण चॉकलेटं भरून राहिलो. याले काहून फोडायचं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला राग आला होताच. तिचं म्हणणं पटलं, याचा त्याहून जास्त आला.

मुख्याध्यापिकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पाहुण्यांच्या हातात काठी द्यायचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, काठी खुशाल द्या, पण बैल नाही. मग पाचवीने त्या दुपारी एक बडग्या केला. मारबतीबरोबर निघणारा हा दुसरा पुतळा, ज्या गोष्टीने लोकांना पिडलं असेल तिचा करतात. वर्गाने डेंग्यूचा मच्छर निवडला. खोक्याचं अंग, झाडूच्या काड्यांची सोंड. चॉकलेटं यात भरू या का, असं मी विचारलं तर सगळ्यांनी नाकं मुरडली. मच्छराच्या पोटातलं कोण खाईन? म्हणून आत लाल कागदाचे तुकडे भरले.

पाहुण्यांनी मच्छर फोडला, लाल तुकडे उडाले आणि मुलांनी शाळा डोक्यावर घेतली. मेक्सिकोत मच्छरच करतात का, असं पाहुण्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. चॉकलेटं बैलाच्या पोटाखालचं झाकण उघडून वाटली आणि रिकामा बैल तिच्या घरी गेला.

पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला माझ्या दारात मुलांचा घोळका आला. मी अमरावती रोडलाच राहते, वाडीपासून जवळ. लाकडी बैलांच्या रांगेत पुढे तीच उभी होती आणि दोरीला आमचा कागदी बैल. एक पाय नवा, पोटावर चिकटपट्टी, खाली कुठल्याशा खेळण्याची चाकं. मला भरून आलं आणि नेहमीप्रमाणे मी खेकसलेच, "हा अजून टिकलाय?"

"बोजारा द्या न मॅडम."

मी चॉकलेटं आणून पुढे केली. तिने हात पुढे केला नाही. बैल आडवा करून झाकण उघडलं. "याच्यात टाका." आत आधीच्या घरांचा खाऊ होता. मी मूठ आत रिकामी केली.

तिच्या मागे एक लहान मुलगी उभी होती. तिच्याजवळ बैल नव्हता. फाटकाबाहेर पडता पडता हिने आपली दोरी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "आता समोरच्या घरी तू माग वं."