रविवारचा अर्धा तास

गौतम गेल्याचा निरोप येरमाळ्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं दिला. मी तालुक्याच्या गावी, वाशीच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. "तुमचे रेडिओवाले दोस्त गेले, गुरुजी," एवढंच तो म्हणाला. गौतमनं स्वतःचा रेडिओ कधी घेतला नाही, तरी गावात त्याचं हेच नाव पडलं होतं...

मोठ्या दुष्काळात आम्ही दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. नळदुर्गकडच्या एका ट्रक ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरवर संध्याकाळी एक परदेशी स्टेशन लागायचं. त्यावर विजेवरची गिटार, ड्रम आणि जीव तोडून गाणारा कुणीतरी. मी मॅट्रिक झालेलो, पण शब्द मलाही कळत नसत. गौतम हातोडा थांबवून ऐकायचा. म्हणाला, "ह्यो गडी बी खडीच फोडतोय बघ."

पुढं पाऊसपाणी झालं, गावात दूध सोसायटी निघाली आणि ग्रामपंचायतीचा रेडिओ कर्ण्यासकट सोसायटीकडं गेला. पूर्वी त्यावर बातम्या, शेतीची माहिती, लोकगीतं असं सगळं लागायचं. आता दूध घालायच्या वेळी फक्त चेअरमनांच्या आवडीची भजनं. गौतम एका म्हशीचा सभासद. एका रविवारी त्यानं सुई फिरवून ते स्टेशन लावलं. चेअरमन बाहेर आले.

"गौतम, बंद कर ते. म्हशी आटतील."

"दुष्काळात आटल्याच की, साहेब. तवा तर देवळात रोज भजनंच चालू व्हती."

लोक हसले, आणि रेडिओला कुलूप लागलं. तुमच्या वस्तीचं एवढं ऐकायचं का, असंही कुणी बोललं. गौतम भांडला नाही. वार्षिक सभेत उठून म्हणाला, "रेडिओ सोसायटीचा, सोसायटी सभासदांची. रविवारी अर्धा तास माझा, असा ठराव मांडतो." चेअरमन पुढचा विषय वाचू लागले. मग सभासदांतल्या सरूबाईंनी हात वर केला. "मला त्यातलं काय बी कळत न्हाय. पर आठवडाभर चेअरमनचंच ऐकतो की आपण." एकेक करत हात वर झाले.

काही वर्षांनी ते स्टेशनच विकलं गेलं. नव्या मालकानं गिटार काढून शेअर बाजाराच्या गप्पा सुरू केल्या, पुढं तेही बंद पडलं. उरली खरखर. तरी गौतम दर रविवारी सुई तिथंच लावायचा. "दुसरं काही लाव की," मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, "वाजंल न्हायतर खरखरंल. जागा सोडली की दुसरा बसतो."

लोक त्याला हट्टी म्हणत. हट्टी होताच तो. हक्क मिळवणारे पुष्कळ पाहिले, रिकामा झालेला हक्क राखत बसणारा हा एकच.

तो गेल्यानंतरच्या रविवारी मी डेअरीवर गेलो. कुणीतरी रेडिओ लावला होता, सुई तिथंच. कर्ण्यातून खरखर चालली होती आणि माणसं रांगेत उभी होती. चेअरमन हळूच म्हणाले, "आता तरी भजन लावू का?"

सरूबाईंनी दुधाची किटली खाली ठेवली.

"अर्धा तास व्हऊ द्या."