खाडाखोडवाल्या बाई

आमच्या जीवशास्त्राच्या बाईंना खोडरबराचा भयंकर राग. डॉक्टर व्हायचं म्हणून मी शिरूर अनंतपाळहून लातूरच्या ज्या क्लासला आले, तिथे त्या दारातच सगळ्यांची खोडरबरं काढून घ्यायच्या. "चूक दिसू द्या की! लपवून काय करायलात?" कपाळावर विभूती, आवाज उदगीरच्या बाजारातला. पोरांनी नाव ठेवलं, खाडाखोडवाल्या बाई.

डीएनएची नक्कल त्या बाकांवरच करून घ्यायच्या. पहिल्या बाकावर अक्षरांची एक ओळ. ए आणि टीची जोडी, जी आणि सीची जोडी. पुढच्याच्या ओळीवरून मागच्यानं जोडीची ओळ लिहायची. शेवटच्या बाकापर्यंत घोळ व्हायचाच. "पेशी दोन व्हायच्या आधी अशी अब्जावधी अक्षरं उतरवते, तपासते, दुरुस्त करते. तरी एखादं निसटतं. तेच उत्परिवर्तन." परीक्षेत एवढं येत नाही, असं क्लासचे चालक दारातून सांगायचे. "मग परीक्षेलाच सांगा," बाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायच्या.

एकदा मी त्यांना माझ्या धाकट्या भावाचा, सोमूचा, डॉक्टरांनी दिलेला जुना कागद दाखवला. आईवडील चांगले उंच, पण सोमू हातापायांनी आखूड, बाराव्या वर्षी पहिलीतल्या मुलाएवढा. तो पोटात असताना आईनं ग्रहणात काकडी चिरली म्हणून असा झाला, हे आत्या बारा वर्षं चारचौघांत ऐकवत होती. आई मान खाली घालायची. मलाही ते खरं वाटायचं, याची लाज अजून जात नाही.

"एका अक्षराची चूक हाय ही," बाई कागद वाचून म्हणाल्या. "आईला पालकसभेला आण. अन् आत्यालाबी."

सभेत त्यांनी आयाबायांना बाकांवर बसवून तीच ओळ लिहायला लावली. सातवी शिकलेली आत्या ऐटीत लिहून मोकळी झाली. शेजारी बसलेल्या माझ्या आईनं हळूच बोट ठेवलं. "आक्का, इथं टी पाहिजे व्हता." आई आत्यासमोर बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाईंनी आत्याचा कागद उचलला. "आक्का, लिहिताना कोणती काकडी चिरली तुम्ही?"

सगळे हसले. आत्या उसळली, "माझ्या भावाच्या घराण्यात न्हाई कुणी असं!"

"ही चूक बहुतेक वेळा बापाकडच्या पेशी तयार होताना होते," बाई म्हणाल्या. "पण म्हणून भावाला बोल लावू नका. मुद्दाम कुणी करत न्हाई."

आत्यानं तक्रार केली. चालकांनी माफी मागायला सांगितलं. बाईंनी खडू ठेवला, पिशवी उचलली. "माफी मागायची तर या पोरीच्या आईची मागा." जाताना जमवलेल्या खोडरबरांचा डबा माझ्या हातात दिला आणि उदगीरला निघून गेल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. मी एकदाही भेटायला गेले नाही, ते फार सलतं.

यंदाच्या ग्रहणात मी सातव्या महिन्याची गरोदर, माहेरी. आत्या मुद्दाम आली होती, संध्याकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात बसून. "सुरीला हात लावू नको, सांगून ठेवते."

आई उठली. तिनं विळी काढली, माझ्यासमोर मांडली, आणि आत्याकडे बघत हाक मारली,

"सोमू, काकड्या आण रे."